संध्याकाळी सातची पोकळी: तहान, तलफ आणि शून्यता

प्रश्न चोपडा तालुक्यातून आला आहे. वय ४२, केळी आणि कापसाची शेती. सोळा वर्षं रोज संध्याकाळी दारू, शेवटच्या काळात दिवसाला दोन क्वार्टर. डॉक्टरांच्या उपचाराने चार महिन्यांपूर्वी सुटली. ते विचारतात: "दारूची आठवण आता तितकी येत नाही, पण सात वाजले की छातीखाली खड्डा पडल्यासारखं होतं. घरात सगळे असून घर सुनं वाटतं. बुद्ध सगळं शून्य आहे म्हणतात, मग ही पोकळी म्हणजे तीच शून्यता का? तृष्णा सोडायची म्हणजे सगळ्या इच्छा मारायच्या का? त्या वेळी नेमकं करायचं काय? आणि आखाजीनंतर पुतण्याची हळद आहे, तिथे कसं निभावू?"

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. नाही, ही पोकळी म्हणजे शून्यता नव्हे. तुम्हाला सात वाजता जे होतं ती एक वेदना आहे. ती नकोशी वाटून तिच्यापासून पळावंसं वाटणं ही तिच्यामागून येणारी तृष्णा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये फट आहे. व्यसन सुटलेल्या माणसाने जे काम करायचं ते त्या फटीत करायचं असतं. शून्यतेचा विषय मुद्दाम शेवटाकडे ठेवतो, कारण तो आधी हातात आला की माणसं त्याचा आधार घेऊन उदासीतच बसून राहतात.

पालीतला 'तण्हा' आणि आपली 'तहान' हा मुळात एकच शब्द. संस्कृतात तृष्णा, प्राकृतात तण्हा, आणि मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन तहान. म्हणून तृष्णा ही पोथीतली, साधू-भिक्खूंची गोष्ट समजू नका. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ वर गेला की घशाला जी कोरड पडते, तिच्याच जातीची ही गोष्ट. फक्त पाण्याची तहान पाण्याने भागते आणि या तहानेला जे पाजाल त्याने ती वाढते.

सारनाथच्या पहिल्या प्रवचनात बुद्धांनी तण्हेचे तीन प्रकार सांगितले. कामतण्हा म्हणजे चव, वास, नशेची ऊब यांची ओढ. भवतण्हा म्हणजे 'मी असा व्हावं, लोकांना असा दिसावं' ही ओढ. विभवतण्हा म्हणजे 'हे नकोच, सगळं पुसून जाऊ दे, थोडा वेळ मी नसलो तर बरं' ही ओढ. दारू सोडणारे बहुतेक जण फक्त पहिलीशी भांडतात. पण सोळा वर्षं रोज पिणारा माणूस चवीसाठी पीत नसतो. सुरुवातीची काही वर्षं गेली की ग्लास भरला जातो तो विसरण्यासाठी: सोसायटीचं कर्ज, कापसाचा पडलेला भाव, घरातलं टोचून बोलणं, आणि पुष्कळदा नुसती रिकामी संध्याकाळ. ही विभवतण्हा. बाटली गेली की कामतण्हेचं खाणं तुटतं आणि ती चार महिन्यांत बरीच मऊ पडते, म्हणून तुम्हाला 'आठवण तितकी येत नाही'. विभवतण्हेला मात्र कुणी हात लावलेला नाही. तुमचा खड्डा तिथला आहे.

आता ती फट. पटिच्चसमुप्पाद, म्हणजे दुःख कशातून कसं उपजतं ते सांगणारी साखळी. तिच्या बारा कड्यांत फस्स (स्पर्श), वेदना (जाणवणं), तण्हा, उपादान (धरून बसणं), भव (पुढचं घडणं) या पाच ओळीने येतात. तुमच्या सात वाजता त्या लावून बघा. दिवस मावळला, मोटार बंद केली, हातपाय धुतले, रस्त्यावरून जुन्या सोबत्याची गाडी गेली, हा फस्स. पोटात खड्डा, घसा कोरडा, हातांना काम नाही, ही वेदना. 'काहीतरी पाहिजे', ही तण्हा. 'आज काम फार झालं, एवढं एकच', हे उपादान. आणि पाय गाडीच्या किकवर पडला की भव. माणूस सगळी ताकद शेवटच्या दोन कड्यांवर लावतो, जिथे ती सगळ्यात कमी चालते. फस्स आणि वेदना तर थांबवता येतच नाहीत. दिवस रोज मावळणारच. वेदनेतून तण्हा निघते तिथे मात्र काही सेकंदांचा अवकाश असतो आणि तो सरावाने रुंद होतो.

इथे एका शब्दाने फार घोटाळा होतो. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत वेदना तीन प्रकारची: सुखद, दुःखद आणि ना सुख ना दुःख अशी तिसरी. या तिसरीकडे नीट बघा. ज्याने सोळा वर्षं संध्याकाळी मेंदूला जोराचा धक्का दिला, त्याला साधी, सपाट संध्याकाळ ही उणीव वाटू लागते. मेंदूची सुख जाणवून घेण्याची यंत्रणा मंदावलेली असते, ती सावरायला आठवडे नव्हे, कित्येक महिनेही लागतात. तोवर भाकरीची चव, लेकरांचं बोलणं सगळं फिकं लागतं. सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनांत, यालाच जोडून सांगितलं आहे की सुखद वेदनेखाली राग (पालीत राग म्हणजे ओढ, आसक्ती) दबा धरून असतो, दुःखद वेदनेखाली चीड, आणि तिसऱ्या वेदनेखाली अविद्या. म्हणजे जिथे काहीच घडत नाही तिथे आपण सगळ्यात जास्त फसतो. आपण म्हणतो 'करमत नाही'. मार म्हणजे बुद्धांना मोहात पाडायला आलेला. त्याच्या तीन मुलींची नावं सुत्तात तण्हा, अरति आणि रगा अशी येतात. अरति म्हणजे हेच करमत नसणं, आणि ती तण्हेची सख्खी बहीण आहे. अजिंठा तुमच्यापासून दूर नाही, जळगावहून साधारण ६० किलोमीटर. २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीजवळच मारविजयाचा शिल्पपट आहे, त्या मुली तिथे कोरलेल्या आहेत. १७ नंबरच्या ओसरीत भिंतीवर भवचक्राचं, म्हणजे जन्म-मरणाच्या चाकाचं, चित्र आहे, बरंचसं नष्ट झालेलं. तिबेटी परंपरेत हेच चक्र पुढे रंगवलं गेलं. त्यात याच बारा कड्या असतात. वेदना दाखवतात डोळ्यात बाण घुसलेला माणूस म्हणून, आणि त्याच्या शेजारच्या खणात तण्हा दाखवतात हातात पेय घेतलेला माणूस म्हणून. बाण आणि पेला असे लागून आहेत.

बाणाचं संपूर्ण विवेचन सल्लत्थ सुत्तात आहे. एक बाण लागला, तो शरीराचा. अडाणी माणूस त्यावर रडतो, चिडतो, तो स्वतःच मारलेला दुसरा बाण. एवढा भाग सगळे सांगतात. त्याच्या पुढचं वाक्य व्यसनासाठी जास्त मोलाचं आहे: दुःखद वेदना झाली की तो माणूस इंद्रियसुखाकडे वळतो, कारण त्या दुःखातून सुटण्याची दुसरी वाट त्याला माहीतच नसते. 'माहीत नसते' हा शब्द धरून ठेवा. दारुड्याला लोक कमजोर म्हणतात, नालायक म्हणतात. सुत्त म्हणतं, त्याला दुसरी वाट दाखवलेली नाही. मागण्डिय सुत्तात एक कुष्ठरोगी आहे. तो निखाऱ्यांच्या खड्ड्यावर जखमा शेकतो. शेकल्याने जखम आणखी सडते, पण शेकताना खाज शमल्याचं सुख मिळतं. बरा झाल्यावर त्याला दोन धट्टेकट्टे लोक ओढत त्याच निखाऱ्यांकडे नेऊ लागले तर तो अंग सोडवून पळेल. आग तीच आहे, पूर्वीही पोळतच होती. रोगामुळे तो स्पर्श सुखाचा भासत होता. तुम्ही आता अर्धे बरे झालेले आहात. आग पोळते हे कळतं, खाज अजून आहे.

पुढे जाण्याआधी, हे वाचणारा कुणी अजून रोज पीत असेल तर त्याच्यासाठी. भरपूर आणि रोज पिणाऱ्याने ध्यानाच्या भरवशावर एका दिवसात बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो, भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं, आणि त्यात जीवही जातो. हे दवाखान्यात, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन सांभाळण्याचं काम आहे. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. आणि भाऊ, तुमची गोळी चालू असेल तर ध्यानाला बसायला लागलात म्हणून ती परस्पर थांबवू नका. तसंच, खड्डा फक्त सातला न पडता दिवसभर राहत असेल, दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडालेली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर ते नैराश्य असू शकतं. टेली-मानस १४४१६ वर बोला, डॉक्टर गाठा. बुद्धांच्या संघात आजारी भिक्खूला औषध घ्यायची पूर्ण मुभा होती. औषध घेणं म्हणजे साधना कमी पडणं नव्हे.

आता करायचं काय ते. तलफ सातला येते, म्हणून ध्यानाला बसायची वेळ साडेसहा. तलफ चढल्यावर बसायला लागणं म्हणजे पूर आल्यावर बांध घालणं. त्याच्याही आधी, सहाच्या सुमारास, काहीतरी खा: अर्धी भाकरी, मूठभर शेंगदाणे, एखादं केळं. भूक आणि तलफ अंगात जवळजवळ एकाच जागी उठतात, आणि साधी भूक न ओळखल्यामुळे घसरलेली माणसं पुष्कळ आहेत. पाचनंतर चहा नको, झोप उडते आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवसाची तलफ वाढते. घोंगडीची जाड घडी बुडाखाली घ्या, चार ते सहा बोटं उंच, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतील. दिवसभर वाकून काम केलेल्या पाठीला जमिनीवर बसवत नसेल तर खुर्चीवर बसा, पाठ न टेकता. पद्मासनाची काही गरज नाही.

एकूण वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं श्वास मोजायचा. विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात मोजण्याचा नेमका नियम आहे: पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. कमी मोजलं तर मन कोंडलेल्या गुरांसारखं धडपडतं, जास्त मोजलं तर ते श्वास सोडून आकड्यांना धरतं. आधी धान्य मोजणाऱ्यासारखं सावकाश मोजायचं, जसा मापारी माप भरतो, पालथं करतो, आकडा पुकारतो. मन स्थिरावलं की गुराखी गोठ्याच्या दारात बसून बाहेर पडणारी गाय मोजतो तसं झटपट. श्वास जसा येतो तसाच येऊ द्या. लांब ओढून घ्यायला गेलात की दहा मिनिटांत कपाळ दुखतं आणि लोक 'मला ध्यान सोसत नाही' म्हणून सोडतात. ध्यान सोसलं नाही असं नाही, श्वास ओढला गेला एवढंच.

मधली दहा मिनिटं त्या खड्ड्यासाठी. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'पोकळी' हा शब्द बाजूला ठेवून अंगात काय आहे ते बघायचं. नेमकं कुठे? छातीच्या हाडाखाली की बेंबीच्या वर? केवढं, वाटीएवढं की ताटलीएवढं? कडा आहे का? गरम की गार? स्थिर की आत-बाहेर होतंय? घसा, जबडा, तळहात तपासा. जबडा जवळजवळ नेहमी आवळलेला सापडतो. प्रत्येक ठिकाणी मनात फक्त तीनपैकी एक शब्द म्हणायचा: सुखद, दुःखद, किंवा ना सुख ना दुःख. एवढंच. 'का होतंय' हे विचारायचं नाही, कारण त्या प्रश्नाबरोबर कर्ज, भाऊबंदकी, बापाचं बोलणं सगळं आत शिरतं. दोन आठवडे नेमाने केलंत तर कळेल की पोकळी म्हणून एक अखंड वस्तू नाहीच. थोडा ताण, थोडी कोरड, थोडी भूक, थोडा थकवा आणि पुष्कळशी सपाट वेदना, एवढ्या गोष्टींना मनाने मिळून एक नाव दिलेलं आहे. शेवटची पाच मिनिटं मेत्ता, म्हणजे मनात भलं चिंतणं: स्वतःपासून सुरुवात, मग बायको, लेकरं, मग तो एक माणूस ज्याचं पिताना सगळ्यात जास्त नुकसान केलंत. त्याच्याबद्दल मन घट्ट राहिलं तर ओढाताण करू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आपल्याकडे दारूलाही 'बसणं'च म्हणतात. सोळा वर्षं संध्याकाळी अंगाला बसायची सवय आहे. ती वेळ आणि ती जागा मोकळी सोडली तर सवय आपला जुना अर्थ शोधत येते, म्हणून त्याच वेळी, पण घरातल्या वेगळ्या जागी बसणं फार उपयोगी पडतं. जुनी खुर्ची, जुना ओटा, जुना बांध काही महिने टाळा. सब्बासव सुत्तात आसव, म्हणजे मनाला लागलेले विकार, सोडण्याचे सात मार्ग आहेत आणि त्यात 'परिवज्जन', म्हणजे टाळणं, हा सरळ सांगितला आहे: चवताळलेल्या हत्तीला, खड्ड्याला, वाईट संगतीला टाळतात तसं. टाळणं भेकडपणा आहे असं वाटून मुद्दाम दुकानासमोरून जाणारे लोक असतात. बुद्धांनी अशी परीक्षा कुणाला घ्यायला सांगितलेली नाही.

एवढं करूनही तलफ अचानक चढलीच तर? जागेवर उभे राहा. तीन श्वास. मनात म्हणा, 'तलफ आली आहे', 'मला पाहिजे' असं नको. तिला शून्य ते दहा आकडा द्या. दर दोन मिनिटांनी नवा आकडा. ती लाटेसारखी चढते, माथ्यावर येते आणि उतरते. खायला न घातलेली तलफ बहुधा पंधरा-वीस मिनिटांत खाली येते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी हीच पद्धत 'लाटेवर स्वार होणं' या नावाने व्यसनमुक्तीच्या उपचारात आणली, आणि तिच्या मुळाशी बौद्ध साधनाच आहे. आकडा आठच्या वर जाऊन तिथेच राहिला तर नुसतं पाहणं पुरत नाही. मग वितक्कसण्ठान सुत्तातले पाच उपाय क्रमाने वापरा. पहिला, सुताराचा: मोठी खुंटी काढायला तो बारीक खुंटी ठोकतो, तसं गार बाटलीचं चित्र दुसऱ्या ठरवून ठेवलेल्या चित्राने ढकलायचं, ते आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. दुसरा, परिणाम पाहणं: गळ्यात मेलेला साप अडकवल्यावर नटलेल्या तरुणाला जी शिसारी येईल ती. सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे मोजून दिले आहेत: पैसा जातो, भांडणं वाढतात, रोग होतात, बदनामी होते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. या प्रत्येकापुढे तुमचा स्वतःचा एकेक प्रसंग एका कागदावर लिहून खिशात ठेवा आणि तो वाचा. तिसरा, लक्ष काढून घेणं: डोळे मिटल्यासारखं, कामाला लागणं. चौथा, वेग कमी करत नेणं: भरभर चालणारा सावकाश चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, तसं विचाराची घाई एकेक पायरी उतरवायची. पाचवा, दातावर दात, जीभ टाळूला, आणि मनाने मनाला दाबून धरणं. हा शेवटचाच आहे. बहुतेक माणसं तोच पहिला वापरतात, थकतात आणि रात्री नऊला हरतात.

एक वही ठेवा: वेळ, अंगातली जागा, सगळ्यात वरचा आकडा, किती मिनिटांनी उतरला. दोन आठवड्यांत नमुना दिसतो. बाजाराचा दिवस, केळीचे पैसे हातात आले तो दिवस, बायकोशी अबोला झाला तो दिवस.

चुका कुठे होतात तेही सांगतो. सगळ्यात वाईट चूक म्हणजे ध्यानाचाच ग्लास करणं. डोळे मिटून सुन्न, बधिर व्हायचं, कुणाचं काही ऐकू यायला नको. बाहेरून फार शांत दिसतं, पण ती विभवतण्हाच आहे. ओळखायची खूण सोपी: उठल्यावर घरातल्या हाकेने चीड आली तर तुम्ही पाहत नव्हता, लपत होता. त्या दिवशी डोळे उघडे ठेवून, चालत करा. दुसरी चूक घाईची. धुळ्याला विपश्यनेचं धम्म सरोवर केंद्र आहे, इगतपुरीला धम्मगिरी आहे, दहा दिवसांचं शिबिर असतं, शुल्क नसतं. चांगली गोष्ट आहे, जरूर जा, पण सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नको. दिवसाला दहा तास मौनात बसल्यावर सोळा वर्षांचं दाबलेलं एकदम वर येतं. तुम्हाला चार महिने झाले आहेत. आधी घरी दोन महिने वीस मिनिटं जमवा, अर्जात दारूचा इतिहास आणि औषधं खरी लिहा, डॉक्टरांना विचारा, मग जा. तिसरी चूक बदलीची: दारू गेली आणि तंबाखूची पुडी दोन दिवस पुरायची ती अर्ध्या दिवसात संपू लागली, किंवा रात्री अकरापर्यंत मोबाइलवर रमी. तहान तीच, भांडं बदललं. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे. निकोटिनचा त्रास पहिल्या तीनेक दिवसांत जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. मात्र दोन्ही एकदम सोडायची की एकापाठोपाठ, हे तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा.

चौथी चूक पाय घसरल्यावर होते. एक पेग झाला की 'आता गेलंच सगळं' म्हणून बाटली संपवायची. पेग हा पहिला बाण, 'गेलंच सगळं' हा दुसरा, आणि माणूस दुसऱ्याने पडतो. पाचव्या शीलाचे शब्द बघा: 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि'. सिक्खापद, म्हणजे शिकण्याची पायरी. ते फुटलं की संपलं असं भांडं नव्हे. मोडलं तर त्याच रात्री तोंड धुऊन पुन्हा म्हणायचं, आणि सकाळी एका माणसाला खरं सांगायचं. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या घरातला माणूस घसरला तर त्याला दुप्पट लाज वाटते आणि तो लपतो. लपण्यानेच पुढचा ग्लास येतो. घरच्यांनी त्याला प्रतिज्ञा आठवून हिणवू नये, त्याच्याबरोबर बसून ती पुन्हा म्हणावी.

केळीवाल्याला मुळाची गोष्ट वेगळी सांगायला नको. बुंध्याशी फुटलेली पिलं वरून कापली की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा डोकं काढतात, कारण वाढीचा कोंब खाली कंदात असतो. धम्मपदाच्या तण्हावग्गात हेच आहे: मूळ शाबूत असेल तर तोडलेलं झाड पुन्हा वाढतं, तसं तण्हेचं मूळ उखडलं नाही तर दुःख पुन्हा पुन्हा येतं. चार महिने तुम्ही कापणी केली, आता कोंबाकडे चाललात. अधूनमधून पिल दिसलं तर मेहनत वाया गेली असं समजू नका.

आता शून्यता. बुद्धांचा शिष्य आनंद याने त्यांना विचारलं, जग शून्य आहे असं म्हणतात ते कशाने? उत्तर आलं: 'सुञ्ञं अत्तेन वा अत्तनियेन वा', 'मी' आणि 'माझं' यांनी ते रिकामं आहे. नीट ऐका. जग रिकामं आहे असं नाही म्हटलेलं. मालकाने रिकामं आहे. संयुत्त निकाय या सुत्तांच्या संग्रहात केळीचाच दृष्टांत आहे: गाभ्याचं लाकूड पाहिजे म्हणून एक माणूस कुऱ्हाड घेऊन जातो, सरळ, कोवळी, अजून केळफुलाचा दांडा आत न आलेली केळ तोडतो आणि सोपटं सोलत जातो. सोपटामागे सोपट निघतं; टणक गाभा सोडा, साधं लाकूडही सापडत नाही. रावेर-यावल-चोपड्यात हे कुणी ना कुणी रोज पाहतं. त्यावरून केळ खोटी आहे असं आपण म्हणत नाही, तिला घड लागतो. फक्त तिच्यात खांब शोधायचा नसतो. तुमचा खड्डाही असाच सोलून बघायचा आहे. ताण, कोरड, थकवा, सोपटामागे सोपट. 'मी आतून पोकळ माणूस आहे' हा जो टणक गाभा तुम्ही धरून बसला आहात तो सापडणार नाही. व्यसनी माणसाची पोकळी 'मी'ने काठोकाठ भरलेली असते: माझं नुकसान, माझी बदनामी, माझं वाया गेलेलं आयुष्य. शून्यता तिच्या उलट दिशेला आहे.

आणि यातून संध्याकाळी करण्याजोगा एक सराव निघतो. चूळसुञ्ञत सुत्तात बुद्ध सावत्थीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात आहेत. ते म्हणतात, हा प्रासाद हत्ती, गाई, घोडे, सोनंनाणं यांनी रिकामा आहे. पण भिक्खुसंघाने रिकामा नाही. जे नाही ते नाही म्हणून जाणायचं, आणि जे उरलं आहे ते 'हे आहे' म्हणून जाणायचं. सात वाजता ओट्यावर उभं राहून हेच करा. हे घर बाटलीने रिकामं आहे. आरडाओरड्याने रिकामं आहे. घाबरून कोपऱ्यात सरकणाऱ्या लेकरांनी रिकामं आहे. आणि कशाने रिकामं नाही? तव्यावरच्या कळण्याच्या भाकरीचा वास आहे, पंख्याची घरघर आहे, पोरगी पाढे म्हणते आहे, तळहाताला गार भिंत लागते आहे. एकेक वस्तू सावकाश, एका श्वासाला एक. सुंदर वाटलं पाहिजे अशी सक्ती नाही. सपाट वाटलं तर सपाट. 'घर सुनं आहे' हे वाक्य मात्र त्यापुढे टिकत नाही, कारण ते खरं नसतं.

सगळ्या इच्छा मारायच्या का? नाही. पालीत चांगल्या कामाच्या इच्छेला 'छंद' हा वेगळा शब्द आहे, आणि चार इद्धिपादांत, म्हणजे साधना फळाला नेणाऱ्या चार आधारांत, तो पहिला. उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने आनंदाला अडवलं होतं: इच्छेने इच्छा सोडायची म्हणता, याला अंतच नाही. आनंदाने उलट विचारलं, या उद्यानात यायची इच्छा तुला होती ना, पोचल्यावर तिचं काय झालं? शमली. कसोटी तीच लावा: पोचल्यावर शमते का? ठिबकची फुटलेली नळी बदलायची इच्छा बदलल्यावर शमते. पोरीला दहावीपर्यंत नेऊन सोडायची इच्छा शमेल. तलफ शमत नाही, ती पुढचा ग्लास मागते. शमणाऱ्या दोन इच्छा रोज संध्याकाळसाठी राखून ठेवा, हाताने करण्याच्या, पाऊण तासात संपणाऱ्या.

राहिली हळद. दारूविरुद्धचा भिक्खूंचा नियम कसा आला ते आधी ऐका. सागत नावाच्या भिक्खूने एका उग्र नागाला शांत केलं. कोसंबीचे लोक इतके खूश झाले की त्यांनी मानाने घराघरांत त्याला मद्य पाजलं, आणि तो नगराच्या वेशीत पडला. बुद्धांनी विचारलं, नागाला जिंकणारा हा आता पाणसापाशी तरी लढेल का? त्याला कुणी वैऱ्याने पाजलं नव्हतं, मानाने पाजलं होतं. हळदीत तुम्हाला पाजणारेही प्रेमाचेच असतील, 'काका, पुतण्याची हळद आहे, आज नाही म्हणू नका' म्हणत येतील. म्हणून नकार तिथे ठरवायचा नाही, आधी ठरवायचा. चार दिवस आधी भावाला एकांतात सांगून ठेवा आणि आपल्या बाजूने बोलणारा एक माणूस नेमून घ्या. संध्याकाळी न जाता दुपारी जा, मांडवाचं, पंगतीचं काम अंगावर घ्या. वरण-बट्टी पहिल्या पंगतीला पोटभर खा. हातात ताकाचा पेला सतत भरलेला ठेवा, रिकाम्या हातात लोक काहीतरी देतातच. नकाराचं वाक्य एकच, लहान, कारण न देता: 'मी घेत नाही.' तब्येतीचं, गोळीचं, डॉक्टरांचं कारण दिलंत की समोरचा त्यावर वाद घालतो. बँड लागायच्या आत, साडेसातला, हळद लावून निघा. गाडीची चावी स्वतःच्या खिशात ठेवा, दुसऱ्याच्या गाडीवर जाऊ नका. घरी आल्यावर दहापर्यंत श्वास मोजा, दोन वेळा, आणि वहीत त्या दिवसाचा आकडा लिहा, तो दोन असो की नऊ.